खोली नंबर सातची हळद

हिंगोली जिल्ह्यात प्लास्टिकबद्दल माझ्याइतका जागरूक विद्यार्थी दुसरा दाखवा, मी नाव बदलून ठेवतो. बढाई नाही मारत. 'प्लास्टिक : एक राक्षस' या एकाच विषयावर मी तीन वक्तृत्व स्पर्धा जिंकल्या आहेत. तिन्ही वेळा बक्षीस म्हणून प्लास्टिकचा चषक मिळाला आणि तोही प्लास्टिकच्या पिशवीत, पण त्यात माझा काय दोष? कासवाच्या नाकात अडकलेल्या नळीचं मी असं काही वर्णन करतो, की ज्यांनी येलदरीच्या धरणापलीकडं पाणी पाहिलं नाही तेसुद्धा नाक चोळायला लागतात.

त्यामुळं आमच्या पुनम मॅडमनी पर्यावरणाच्या तासाला सर्वेक्षणाचे फॉर्म वाटले, तेव्हा मी सगळ्यात आधी भरून दिला. प्रश्न साधा होता. एकदा वापरून फेकून द्यायचं प्लास्टिक तुम्ही वापरता का? दोनशे बारा विद्यार्थ्यांनी उत्तर दिलं, नाही. दोनशे बारापैकी दोनशे बारा!

मॅडमनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि खिडकीतून खाली पाहिलं. खिडकीखाली चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या आणि चहाचे कप यांची चांगली गुडघाभर रास होती.

"हे कोण टाकतं?" मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी खिडकीकडं पाहिलं.

"वारा आणतो मॅडम," मी उभा राहून म्हणालो. "वाऱ्याचं प्रबोधन व्हायला पाहिजे."

मॅडमनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि तिथल्या तिथं नवी योजना काढली. आठवडाभर कुणी काही फेकायचं नाही. प्रत्येक वसतिगृहानं आपलं प्लास्टिक साठवायचं आणि पुढच्या गुरुवारी कॉलेजवर आणून वजन करायचं. प्रमुख पाहुणे येणार, प्लास्टिकचे तुकडे करणारं यंत्र येणार, आणि पाहुण्यांच्या हस्ते सगळा माल त्या यंत्रात जाणार. ज्या वसतिगृहाचं वजन जास्त, ते वसतिगृह प्रामाणिक. त्याला पहिलं बक्षीस.

आता बक्षीस वजनाला आहे म्हटल्यावर पोरांनी काय करावं? जारचं पाणी पिणं बंद केलं आणि बाटल्या विकत आणायला लागली. सकाळी पोहे कागदात मिळत होते, ते पिशवीत बांधून मागायला लागली. आठवडाभरात आमच्या वसतिगृहाइतकं प्लास्टिक कुणी वापरलं नसेल, आणि ते सगळं पर्यावरणासाठी. या चळवळीचा म्होरक्या अर्थात मीच होतो.

बुधवारपर्यंत सहा कट्टे भरले. कट्टे मी आमच्या बंजारा तांड्यावरून आणले होते, हळदीचेच, पन्नास किलोचे. पाय देऊन देऊन माल दाबला आणि प्रत्येक कट्ट्याचं तोंड एका जुन्या लाल साडीच्या चिंधीनं बांधलं. ओळखायला सोपं जावं म्हणून. नियोजन म्हणतात ते हे.

अडचण एकच होती. वसतिगृहापासून कॉलेज चार किलोमीटर, आणि कट्टे पाहून रिक्षावाल्यानं हात जोडले. तेवढ्यात मला आठवलं, की गुरुवारी माझ्या बाची हळद हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारात, येणार आहे. आमचा तांडा पुसेगावजवळ. टेम्पो आमच्या वसतिगृहावरूनच जातो. मी फोन लावला.

"बा, उद्या टेम्पोत सहा कट्टे टाकायचेत. कॉलेजवर उतरवायचे."

"कशाचे?"

"कचऱ्याचे."

बा म्हणाला, "लेकरा, तुला शिकाया धाडलं ना आमी?"

"शिकायचंच हाय ते, बा."

"बरं. टेम्पोवाल्या भावसिंगला सांगतो थांबाया."

इथं मला बाच्या हळदीबद्दल सांगायला पाहिजे. माझा बा, हरिचंद चव्हाण, हळद शिजवतो, वाळवतो, ढोलात घोळतो आणि मग एकेक कांडी मोडून तिचा आवाज ऐकतो. खणकन वाजली नाही तर पुन्हा उन्हात. तीस वर्षांत मोंढ्यातून त्याचा एक कट्टा परत आलेला नाही. आमचा माल विकून देणारे आडते तातेराव तर बाचं नाव ऐकलं की मूठभर वानगीही न बघता माल मांडून घेतात. आमच्याकडं दुसरं काही मिरवण्यासारखं नाही. बाचं मोंढ्यातलं नाव तेवढं आहे.

गुरुवारी सकाळी टेम्पो आला. बा पुढं भावसिंगशेजारी बसलेला. मागं हळदीचे चौदा कट्टे. आम्ही पोरांनी आपले सहा कट्टे वर फेकले. हलके असल्यामुळं काही वर राहिले, काही घरंगळत पार केबिनपाशी गेले. मी टेम्पोच्या पुढं योगेश या मित्राच्या गाडीवर निघालो, कारण मला भाषणाची तयारी होती.

मला माहीत नव्हतं ते असं. बाजाराला माल निघाला की त्यातल्या तीन कट्ट्यांना माझी याडी, म्हणजे आई, हळदकुंकू लावते आणि लाल चिंधी बांधते. हे तीन कट्टे सगळ्यात शेवटी चढवायचे आणि मोंढ्यात सगळ्यात आधी फोडायचे, म्हणजे बरकत येते. ही रीत आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. मला ती माहीत नव्हती, कारण माल चढवायच्या दिवशी मी नेहमी कुठंतरी वक्तृत्व स्पर्धेला असतो.

कॉलेजच्या फाटकावर मी पहिल्या वर्षाच्या चार पोरांना हुकूम दिला, "टेम्पो आला की लाल चिंधीचे सहा कट्टे उतरवा." आणि स्वतः फलक लावायला गेलो. पोरांनी लाल चिंधीचे सहा कट्टे उतरवले. हाताशी आले ते उतरवले. टेम्पो मोंढ्याकडं गेला.

"दादा, तीन कट्टे लई जड हायत," एक पोरगं कंबर धरून म्हणालं.

"पाप जडच असतं," मी म्हणालो. हे वाक्य भाषणात घालायचं असं मी तिथंच ठरवलं.

वजन झालं. मुलींचं वसतिगृह, एकावन्न किलो. आमचं वसतिगृह, एकशे त्र्याहत्तर! मॅडमनी काटा दोनदा तपासला.

"पंचेचाळीस मुलांनी? एका आठवड्यात?"

"आम्ही काही लपवलं नाही, मॅडम," मी नम्रपणे म्हणालो.

मॅडमचे डोळे भरून आले. आनंदानं की दुःखानं ते मला कळलं नाही, पण त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि आमचं नाव पहिलं घातलं. यंत्र मांडवात उभं होतं, त्याच्या तोंडाला हार घातलेला. पाहुणे अकराला येणार होते. साडेअकरा झाले होते. मी चौथ्यांदा भाषण पाठ करत होतो, तेवढ्यात भावसिंगचा फोन आला.

"रणजीत, काय करून राहिला?"

"भाषण पाठ करून राहिलो."

"ते राहू दे. बाला लोकायनं घेरलं हाय. हळदीच्या कट्ट्यातून चिप्सची पाकिटं निघून राहिली."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण भावसिंग चेष्टा करणारा माणूस नाही. मी मांडवात पळालो, एका जड कट्ट्याची चिंधी सोडली आणि आत हात घातला. बाहेर काढला तर लग्नाआधीच माझे हात पिवळे झाले होते.

"मॅडम, हे कट्टे सोडा. यात हळद आहे."

मॅडम हसल्या. फार मायेनं हसल्या. "रणजीत, आता पाहुण्यांसमोर लाज वाटायला लागली का? प्रामाणिकपणाची लाज वाटायची नसते."

"मॅडम, हा हात बघा!"

"चिप्सचा मसाला आहे तो. पाहुणे येईपर्यंत एकही कट्टा हलणार नाही. वजन लिहून झालंय." आणि त्या पाहुण्यांना फोन करायला फाटकाकडं गेल्यासुद्धा.

मी योगेशला गाठलं. योगेश माझ्या खोलीतला, कमी बोलणारा आणि कामाचा.

"यंत्र चालू होता कामा नये," मी म्हणालो.

"वायर काढून खिशात ठेवतो."

"पाहुणे आले तर?"

"पाहुणे एकच्या आधी आलेत कधी? तू जा."

त्याची गाडी घेऊन मी मोंढ्यात कसा पोचलो ते विचारू नका. आत गेलो. बीट बोलायच्या, म्हणजे लिलावाच्या, ओट्यासमोर बा उभा होता. भोवती पन्नास-साठ माणसं. त्याच्या पायाशी बाटल्या, पाकिटं, पिशव्या यांचा ढीग, आणि शेजारी तीन रिकामे कट्टे, लाल चिंधी लावलेले. बरकतीचे म्हणून तेच आधी फोडले होते. बानं डोक्याचा रुमाल काढून हातात धरला होता. माझा बा तांड्याच्या पंचायतीतही कधी असा उभा राहिलेला मी पाहिला नव्हता.

"कट्टे हलके लागले तवाच मी म्हणलो," एक हमाल सगळ्यांना सांगत होता. "मी म्हणलो, मामा, ही हळद हाय का कापूस? तर मामा काय म्हणले, चांगली वाळली हाय म्हणले."

"आता वाळली म्हणजे हलकीच लागल ना," बा पुटपुटला.

खरेदीदार गोपीचंद शेठ कमरेवर हात ठेवून उभे होते. "हरिचंद, तुझ्याकडून ही उमेद नव्हती. मालात मिसळ?"

"शेठ, वजन वाढवाया कोणी प्लास्टिक घालील व्हय?"

"मग काहून घातलं?"

"मी घातलंच न्हाई."

"मग तुझ्या कट्ट्यात आलं कुठून?"

सहा कट्टे कॉलेजवर उतरले हे बानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तातेराव आडते मान खाली घालून म्हणाले, "हरिभाऊ, माझा तुमच्यावर भरोसा हाय. पण मोंढ्याचा नियम हाय. मिसळ निघाली की नाव फळ्यावर लिवा लागतं. मंग माल कोणी घेत न्हाई, या साली बी आन् फुडल्या साली बी."

मी गर्दीत घुसलो. "हे प्लास्टिक माझं हाय. कॉलेजचं हाय. कट्टे बदलले."

कुणी मान वळवून पाहिलं, कुणी तेही नाही. "बापाला वाचवाया पोरगं बोलून राहिलं," मागून कुणीतरी म्हणालं. "बरोबर हाय, लेकरू हाय ते."

"खरंच माझं हाय!"

"कॉलेजात कोणी कचरा सांभाळून ठेवतं का?" गोपीचंद शेठनी विचारलं. "पुरावा काय?"

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. विसरलो नव्हतो, टाळत होतो. मॅडमनी वजनाबरोबर प्रत्येकाची खरी यादीही मागितली होती, मालाबरोबर कट्ट्यातच टाकायची. वर खोली नंबर आणि पूर्ण नाव, मग काय वापरलं, किती वापरलं, खाली सही. याद्या फक्त मॅडम वाचणार आणि खऱ्या यादीला दहा गुण. दहा गुणांसाठी मी आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं होतं. ती यादी त्या ढिगाच्या अगदी वर, एका चिप्सच्या पाकिटाला चिकटून फडफडत होती. माझ्या अक्षरात.

उचलून खिशात घालायला एक क्षण पुरला असता. तिच्यात काय आहे ते मला पाठ होतं. शेवटची ओळ जर बानं ऐकली तर घरी जायला मला तोंड राहणार नव्हतं, कारण तीच गोष्ट सोडल्याची मी दिवाळीत याडीच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली होती. आणि यादी नसती तर बाचं नाव फळ्यावर. मी बाकडं पाहिलं. तो हातातल्या रुमालाची घडी घालत होता, मोडत होता, परत घालत होता.

मी कागद उचलला आणि तातेरावांच्या हातात दिला. "वाचा, काका. मोठ्यानं वाचा."

तातेरावांचं आयुष्य बीट बोलण्यात गेलेलं. त्यांना मोठ्यानं म्हणजे दुसऱ्या कुठल्या आवाजात वाचताच येत नाही. ओट्यावर चढले, गळा साफ केला.

"खोली नंबर सात! रणजीत हरिचंद चव्हाण!"

गर्दीत कुजबुज झाली. बापाचं नाव मधोमध छापल्यासारखं आलं होतं. सगळे आधी माझ्याकडं, मग बाकडं बघायला लागले.

"पाण्याच्या बाटल्या बावीस! चिप्सची पाकिटं एकतीस! शॅम्पूच्या पुड्या नऊ!"

हमालानं ढिगात हात घालून बाटल्या मोजायला सुरुवात केली.

"गोरं व्हायच्या मलमाच्या ट्यूबा दोन!"

साठ माणसांनी माझं तोंड नीट निरखून पाहिलं. "फरक न्हाई पडला," हमाल म्हणाला.

"गुटख्याच्या पुड्या..." तातेराव थांबले. चष्मा वर केला, कागद जवळ नेला. "छत्तीस!"

मागून सवयीनं कुणीतरी ओरडलं, "सदतीस!"

"अरे, बीट न्हाई हे," तातेराव म्हणाले.

बानं रुमाल डोक्याला बांधायला घेतला. हळूहळू, एकेक पदर नीट काढत. मग माझ्याकडं वळला.

"छत्तीस?"

"व्हय, बा."

"म्हैन्याच्या?"

"आठवड्याच्या."

मी गाल पुढं करून उभा राहिलो. पण बानं माझ्याकडं पाठ केली आणि गोपीचंद शेठकडं पाहिलं.

"ऐकलं ना, शेठ? मालात खोट न्हाई. खोट पोरात हाय."

पहिल्यांदा तातेराव हसले, मग हमाल, मग सगळा मोंढा. गोपीचंद शेठ हसता हसता ओट्यावर बसले. मी काही हसलो नाही, पण माझ्या छातीवरचा दगड उतरला. इतकं मोकळं मला तिन्ही चषक मिळून कधी वाटलं नव्हतं.

"तरी पण हरिचंद," शेठ डोळे पुसून म्हणाले, "आता सगळेच कट्टे पालथे कर. समद्यासमोर एकदाचं होऊन जाऊ दे."

अकरा कट्टे पालथे झाले. एरवी वरची वानगी बघतात, तळ कुणी बघत नाही. त्या दिवशी तळही दिसला, आणि वरपासून तळापर्यंत एकसारखी पिवळीधमक कांडी. शेठनी एक उचलली आणि मोडली. ती कशी वाजली ते मी सांगत नाही, पण बाची मान ताठ झाली.

"बाकीचे तीन कट्टे?" शेठनी विचारलं.

दीड वाजत आला होता. म्हणजे पाहुणे आले असणार. म्हणजे यंत्राचा हार काढला असणार. मी योगेशला फोन लावला.

"पाहुणे वारंग्याला जेवाया थांबलेत," योगेश म्हणाला. "वायर माझ्या खिशात हाय."

लोक उशिरा येणाऱ्या पाहुण्यांना नावं ठेवतात. मी आता ठेवत नाही.

भावसिंगनं टेम्पो पळवला. परत आला तेव्हा पुढच्या सीटवर पुनम मॅडम बसल्या होत्या, मांडीवर वजनाची वही. त्यांना भावसिंगनं कट्ट्यात हात घालायला लावला होता, आणि कोपरापर्यंत पिवळ्या झाल्यावरच त्यांची खात्री पटली होती. त्यांनी बाला नमस्कार केला. "काका, माफ करा. मला वाटलं मसाला आहे."

"तकलीफ कशाला घेतली, बाई," बा म्हणाला. "पोरगं हाती लागलं, हळद हाती लागली. अजून काय पायजे."

मॅडमनी तिथंच वहीतला एकशे त्र्याहत्तर खोडला आणि ढिगाचं वजन कॉलेजवरच्या तीन कट्ट्यांत मिळवून खरा आकडा लिहिला. पहिलं बक्षीस मुलींना गेलं. आमच्यापेक्षा त्या पाच किलोनं जास्त प्रामाणिक निघाल्या.

बीट बोललं गेलं. दिवसातला सगळ्यात वरचा भाव बाच्या हळदीला लागला. सगळ्यांनी तळ पाहिलेला माल त्या दिवशी मोंढ्यात तो एकच होता. बा ओट्याच्या पायरीवर टेकला आणि एवढा मोठा श्वास सोडला, की शेजारची दोन पाकिटं उडाली. मी जाऊन ती उचलली. एवढं तरी करणं भागच होतं.

जाताना बा एवढंच म्हणाला, "तो कागद कुठं हाय? दे."

मी दिला. म्हटलं, झालं. आता याडी.

त्या शनिवारी मी तांड्यावर गेलो ते जीव मुठीत धरून. याडी दारातच उभी होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि मला आत घेऊन गेली. देवाच्या फळीवर, दिव्याच्या शेजारी, माझी यादी होती. वर कुंकू लावलेलं. हळदीचं बोटही.

"तुझा बा सांगत होता," ती म्हणाली, "भर मोंढ्यात ह्या कागदानं घराची इज्जत वाचवली. तूच लिवला म्हणं."

याडीला वाचता येत नाही. मी बाकडं पाहिलं. बा बाजेवर बसून शेंगा फोडत होता आणि त्याला माझ्याकडं बघायला अजिबात सवड नव्हती.

तेव्हापासून मी घरी गेलो की याडी तो कागद माझ्या हातात देते आणि वाचायला लावते. चार बायकांना बोलावून घेते. दिव्यासमोर बसवते. गुटखा तर मी केव्हाच सोडला. जागृतीनं नाही सुटला. दर पंधरा दिवसांनी देवासमोर बसून त्या आकड्यावर नजर पडली की कुणाचाही सुटेल.

"वाच बाबा," याडी म्हणते आणि डोळे मिटून हात जोडते.

"खोली नंबर सात," मी वाचतो. "रणजीत हरिचंद चव्हाण." आणि थांबतो.

"फुडं काय हाय?" बाजेवरून बा विचारतो.

"फुडं सही हाय, बा."

"बरं," बा म्हणतो, आणि पुढची शेंग फोडतो.